जुन्या इंग्लिश डेल्फ्ट टाइल्स: जमवणारे, बघणारे, नुसते हौशी, सगळ्यांसाठी धागा

निळीपांढरी

नमस्कार मंडळी. इथे नाणी, काड्यापेट्या, पोस्टाची तिकिटं, अडकित्ते जमवणाऱ्यांचे धागे वाचत आलेय पण टाइल्सवर काही दिसलं नाही म्हणून मीच काढतेय. मी इंग्लंडात ब्रिस्टलजवळ राहते आणि १८व्या शतकातल्या इंग्लिश डेल्फ्ट टाइल्स जमवते (डेल्फ्ट हे हॉलंडमधल्या गावाचं नाव, त्या धर्तीच्या टाइल्स म्हणून).​ साधारण पाच इंच चौकोनी, भाजलेल्या मातीच्या, वर पांढरी अपारदर्शक झिलई आणि त्या पांढऱ्यावर हाताने काढलेलं छोटंसं चित्र. बहुतेक निळ्यात, नाहीतर मँगनीजच्या वांगी रंगात. फुलदाणी, नदीकाठचं घर, होडी, मेंढपाळ, बायबलातला एखादा प्रसंग, चिनी धाटणीची माणसं, काहीही असतं. त्या काळी घरात शेकोटीच्या आतल्या बाजूंना लावायचे, दुधादह्याच्या खोलीत लावायचे, क्वचित न्हाणीघरात. लंडनच्या दक्षिणेला कार्शल्टनमध्ये १८व्या शतकाच्या सुरुवातीचा एक पाण्याचा मनोरा उभा आहे, त्याच्या आत पायऱ्या उतरून जायचा आंघोळीचा हौद आहे आणि भोवती डेल्फ्ट टाइल्स. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर बघा.

थोडा इतिहास सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कथील घातलेली पांढरी झिलई ही कला इराककडून निघाली, स्पेन, इटली असं करत अँटवर्पला पोचली. तिथून यास्पर आंद्रीस आणि जेकब यान्सन हे दोन कारागीर १५६७ मध्ये इंग्लंडात नॉरिचला आले, १५७० मध्ये राणी एलिझाबेथकडे लंडनमध्ये काम करायची परवानगी मागितली, आणि लवकरच यान्सन लंडनच्या ऑल्डगेटमध्ये काम करायला लागला. मग टेम्सच्या दक्षिण काठावर साउथवर्क, लॅम्बेथ, व्हॉक्सहॉल इथे कुंभारखाने वाढले. १७व्या शतकाच्या मधे ब्रिस्टलजवळ ब्रिझलिंग्टनला, १७१० च्या सुमाराला लिव्हरपूलला, १७४८ मध्ये ग्लासगोला. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बाहेरून रंगीत मातीची भांडी आणायला बंदी घातली, १६७६ मध्ये यान आरिएन्स फान हामे नावाच्या डच माणसाने टाइल्स बनवण्याचं पेटंट घेऊन लॅम्बेथला काम थाटलं. म्हणजे बघा, माल बाहेरचा नको पण कारागीर बाहेरचे चालतात, आणि तेच झालं. सुरुवातीच्या इंग्लिश टाइल्स डच टाइल्ससारख्या दिसतात कारण त्या डच हातांनीच केलेल्या आहेत किंवा त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी.

आता मला जे खरं सांगायचंय ते. नवीन जमवणारा माणूस चित्र बघून टाइल घेतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी टाइल उलटी करा. चित्र सगळ्यात कमी सांगतं कारण चित्रं सगळीकडे तीच होती, त्याच छापील चित्रांवरून हॉलंडमध्येही काढली आणि लंडनमध्येही, ब्रिस्टलने लंडनची उचलली, लिव्हरपूलने दोघांची. कोपऱ्यातली नक्षीसुद्धा, बैलाचं डोकं म्हणतात ती, कोळ्याच्या आकाराची, देवदूताचं तोंड, लिलीचं फूल, ही सगळी हिंडत होती. पाठीवरची माती, कडेचा काप, जाडी, झिलई कुठवर ओघळली, चुना कुठला चिकटलाय, हे मात्र ज्या कुंभारखान्यात ती झाली तिथलंच असतं. टाइलवर सही किंवा शिक्का जवळजवळ कधीच नसतो, त्यामुळे पाठ आणि कड हाच तिचा दाखला.

कुणाकडे आहेत का? कुणी बघितल्यात का? प्रश्न असतील तर विचारा, मला येईल तेवढं सांगेन आणि इथले जाणकार भर घालतीलच.

सदाशिवकर

छान धागा. एक बाळबोध प्रश्न. आमच्या आजोळच्या वाड्यात देवघराच्या भिंतीला उठावाच्या फुलांच्या हिरव्या-गुलाबी टाइल्स होत्या, आजी म्हणायची विलायती आहेत. आणि एका नातेवाइकांकडे कृष्ण आणि लक्ष्मीच्या टाइल्स होत्या. हे तेच का?

निळीपांढरी

@सदाशिवकर नाही हो, त्या बऱ्याच नंतरच्या. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने कोरडी मातीची भुकटी यंत्रात दाबून वस्तू बनवायचं पेटंट घेतलं, मिंटन या इंग्लिश कंपनीने ती रीत टाइल्सना वापरली आणि तिथून सगळं बदललं. दाबलेली टाइल एकसारखी सपाट असते, बहुतेक सहा इंची, पाठीवर खाचा किंवा कंपनीचं नाव. उठावाची फुलं साच्यातली आणि वर रंगीत पारदर्शक झिलई, कथलाचा संबंध नाही. देवांच्या टाइल्स बहुधा जपानच्या असतील, १९२०-३० च्या दशकात जपानी कारखान्यांनी खास आपल्या बाजारासाठी रवि वर्मांच्या वळणाचे देव काढून पाठवले होते. त्या जपून ठेवा, त्याही आता मिळत नाहीत. फक्त वेगळा विषय आहे.

मुंबईत सीएसएमटीला किंवा विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात पायाखाली ज्या नक्षीच्या इंग्लिश फरश्या दिसतात त्याही व्हिक्टोरियन, जमिनीच्या, रंगीत माती भरून केलेल्या. डेल्फ्ट टाइल जमिनीवर टिकत नाही, वरचा थर मऊ असतो, चार पावसाळे बूट फिरले की चित्र जाईल. हॅम्पशरच्या द व्हाइन या वाड्यात १६व्या शतकातल्या अँटवर्पच्या जमिनीच्या टाइल्स आहेत पण इंग्लंडात पुढे जमिनीवरून त्या भिंतीवरच गेल्या.

चाकावरची

मी स्वतः मातीकाम करते म्हणून या बाजूने थोडं लिहिते, निळीपांढरीताई चुकलं तर सांगा.

यात माती कुठलीही चालत नाही, चुना असलेली लागते. साध्या लाल मातीत चुनखडीची माती मिसळायची म्हणजे भाजल्यावर अंग फिकट होतं आणि मुख्य म्हणजे गार होताना अंग आणि झिलई जवळपास सारख्याच आकसतात. तसं झालं नाही तर झिलईला जाळीसारखे तडे जातात नाहीतर पापुद्रे उडतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडची अशी माती हॉलंडला सुद्धा जात होती. माती लाटून पोळी करायची, थोडी सुकली की चौकोनी फळीवर ठेवून कापायची, मग पूर्ण सुकवून पहिली भाजणी. झिलईसाठी शिसं आणि कथील एकत्र जाळून त्याची राख, त्यात वाळू आणि क्षार, हे सगळं वितळवून काच, ती काच दळून पाण्यात कालवायची. भाजलेली टाइल ते पाणी लगेच शोषते आणि वर पांढऱ्या भुकटीचा थर बसतो. चित्र काढायचं ते या कच्च्या थरावर, भाजायच्या आधी.

इथेच सगळी मजा आहे. कुंचला टेकला की रंग आत गेला, खोडता येत नाही, पुसता येत नाही. म्हणून त्या रेषांमध्ये तो झपाटा दिसतो. एकच चित्र शेकडो वेळा काढायचं असायचं म्हणून कागदावर चित्राच्या रेषेवर सुईने भोकं पाडायची, कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. आपल्याकडे रांगोळीचे ठिपके पाडायला भोकं पाडलेला कागद वापरतात ना, अगदी तसंच. ठिपके जोडून बाहेरची रेष मारली की आतलं भरणं कारागिराच्या हातावर. भट्टीत कोळशाची पूड जळून जाते. म्हणून दोन टाइल्सची बाह्यरेषा तंतोतंत सारखी आणि झाडाची पानं, ढग, पाणी वेगळं, असं दिसतं.

रंग पण मोजकेच कारण दुसऱ्या भाजणीची धग सोसणारे मोजकेच. कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, लोखंडाचा तांबूस. त्यात तांबडा सगळ्यात अवघड.

निळीपांढरी

@चाकावरची इतकं सोपं करून मला कधीच सांगता आलं नसतं, मनापासून धन्यवाद. त्यात थोडी भर. काही टाइल्सवर मधलं वर्तुळ किंवा अष्टकोन कागदाने झाकून बाजूला मँगनीजची पूड शिंपडायचे, मग कागद उचलून मधे निळ्यात चित्र. जवळून बघितलं की ती ठिपक्याठिपक्यांची जांभळी जमीन फार सुंदर दिसते, फोटोत नुसती मळकट वाटते. आणि ब्रिस्टलची खासियत म्हणजे किंचित निळसर झाक असलेल्या झिलईवर पांढऱ्याच रंगाने काढलेली फुलापानांची चौकट, आणि मधे निळं चित्र. १७६० च्या आसपासची. मी ब्रिस्टलच्या म्युझियममध्ये बघते तेव्हा दिव्याच्या उजेडात तिरकं उभं राहते, समोरून ती पांढऱ्यावरची पांढरी नक्षी दिसतच नाही नीट. त्या म्युझियमचा डेल्फ्टवेअरचा, म्हणजे याच झिलईच्या वस्तूंचा, संग्रह मोठा आहे, भांडी जास्त पण टाइल्सही आहेत. लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला वरच्या मजल्यावर सिरॅमिक्सची दालनं आहेत, तिथे कपाटाच्या काचेला नाक लावून बघा.

मर्सीकाठचा

लिव्हरपूलला बरीच वर्षं राहतोय त्यामुळे इथलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळे हाताने काढलेल्याबद्दल बोलताय पण आमच्या शहराने त्यात जे केलं त्याने धंदाच उलटापालटा झाला.

जॉन सॅडलर नावाचा छापखानेवाला होता, त्याचा भागीदार गाय ग्रीन. २७ जुलै १७५६ ला दोघांनी मिळून सकाळी नऊ ते दुपारी तीन, सहा तासांत, दुसऱ्या कुणाचीही मदत न घेता, १२०० च्या वर टाइल्स छापल्या. वेगवेगळ्या चित्रांच्या. मग २ ऑगस्टला शपथपत्र केलं, आणि शहरातल्या दोन कुंभारांनी त्याला दुजोरा दिला की हे आम्ही बघितलंय, शंभर कुशल चित्रकार एवढ्या वेळात एवढ्या टाइल्स एवढ्या चांगल्या रंगवू शकले नसते. हे सगळं पेटंटसाठी चाललं होतं पण शेवटी पेटंट घेतलंच नाही, कृती गुपित ठेवणं त्यांना जास्त फायद्याचं वाटलं. आधी लाकडी ठशांनी छापायचे, थोड्याच काळात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रं आली आणि रेषा एकदम बारीक झाली. हा छाप पांढरी झिलई भाजून झाल्यावर वरून द्यायचा आणि मग कमी आचेवर आणखी एकदा भाजायचं. काळ्यात, तांबड्यात, तपकिरीत.

बेंजामिन फ्रँकलिनने १७७३ च्या एका पत्रात लिहिलंय की तांब्याच्या पत्र्यावरून शेकोटीच्या टाइल्स छापायची कल्पना आपण आधीच एकाला सुचवली होती. खरं खोटं त्याचं त्याला माहीत पण शेकोटीच्या टाइल्स किती घरोघरी होत्या ते यातून कळतं.

आणि नाटकवाल्यांसाठी खास: सॅडलर १७७० मध्ये बाजूला झाला, पुढे ग्रीनने १७७०-८० च्या दरम्यान नटनट्यांची मालिका काढली. डेव्हिड गॅरिक, मिसेस अ‍ॅबिंग्टन, खाली नाव आणि भूमिका छापलेली. घरात शेकोटीभोवती आपल्या आवडत्या नटांच्या टाइल्स! इसापच्या गोष्टींचीही मालिका आहे. माझ्या मते इंग्लंडने या कलेत स्वतःचं म्हणून काही घातलं असेल तर ते हे, बाकी सगळं डच आणि चिनी उसनं.

निळीपांढरी

@मर्सीकाठचा माहितीबद्दल आभार पण शेवटचं वाक्य मला पटत नाही. ब्रिस्टलची पांढऱ्यावर पांढरी चौकट घ्या, लिव्हरपूलच्याच पाच रंगांतल्या फुलांच्या टाइल्स घ्या, ज्यांना फझाकर्ली रंगसंगती म्हणतात, तशी मोकळी विस्कटलेली फुलं हॉलंडमध्ये मी बघितली नाहीत. उसनं घेतलं हे खरंच आहे, पण दोन-तीन पिढ्यांनंतर हात स्वतःचा होतो. आणि छापील टाइल कितीही देखणी असली तरी ती कोरणाऱ्याची कला आहे, टाइलवर बसलेल्या कारागिराची नाही. मी दोन्ही जमवते पण जीव हाताने काढलेल्यात.

मर्सीकाठचा

मान्य, फझाकर्ली विसरलो होतो. पण एक लक्षात घ्या की छापील टाइल्समुळेच लिव्हरपूलच्या कुंभारांना पुढची काही वर्षं काम मिळालं, झकारिया बार्न्ससारखे लोक कोऱ्या पांढऱ्या टाइल्स करून छापखान्याला विकत होते. खरा घाव इंग्लिश कुंभार वेजवुडच्या क्रीमवेअरने, म्हणजे मलईच्या रंगाच्या भांड्यांनी, घातला. पातळ, मजबूत, कडा न उडणारं, स्वस्त. १८०० च्या आसपास इंग्लंडात कथलाची झिलई जवळजवळ संपलीच.

नवखा_हौशी

मी लंडनमध्ये दोन वर्षांसाठी आलोय ऑफिसच्या कामाने. हा धागा वाचून काल बाजारात टाइल्स बघितल्या आणि चक्रावलो. विकणारा प्रत्येक निळ्या टाइलला इंग्लिश म्हणतो. डच कुठली आणि इंग्लिश कुठली हे ओळखायचं कसं ते एकदा नीट सांगा ना. आणि बजेट किती ठेवू?

निळीपांढरी

@नवखा_हौशी एका खुणेवर कधीच ठरवायचं नाही, चार खुणा एका दिशेला गेल्या तर बोलायचं.

आधी कोपरे. टाइल सरळ धरून कोपऱ्यात बारीक खड्डा दिसतो का बघा, टाचणीने टोचल्यासारखा. टाइल कापायच्या फळीला कोपऱ्यात खिळे असायचे, माती सरकू नये म्हणून, त्याची ती खूण. डच टाइल्सना ती बहुतेक असते, दोन कोपऱ्यांत किंवा चारात. इंग्लिशमध्ये बऱ्याचदा नसते, लिव्हरपूलच्या टाइल्सना तर सहसा नाहीच. पण लंडनच्या काही टाइल्सना आहे, म्हणून खिळ्याची खूण दिसली की डच असं धरून चालू नका.

मग कड. बोट फिरवा. इंग्लिश टाइलची कड बऱ्याचदा आत तिरकी कापलेली असते म्हणजे पाठ समोरच्या बाजूपेक्षा किंचित लहान, त्यामुळे भिंतीवर दोन टाइल्समधली फट कमी दिसते. जाडी बघा, लिव्हरपूलची टाइल हातात घेतली की तिचा पातळपणा कळतो. मग माप, इंग्लिश साधारण १२.७ सेंटिमीटर आणि डच थोडी मोठी, १३ च्या आसपास, पण हाताने कापलेली माती भट्टीत आकसते तेव्हा फूटपट्टीवर फार विसंबू नका. झिलईची झाक बघा, इंग्लिश बऱ्याचदा निळसर. आणि माती, उडालेल्या कडेवर ताजी दिसते तिथे रंग आणि खडे बघा.

एवढं करूनही काही टाइल्स राहतात ज्यांच्याबद्दल मी माझ्या वहीत 'लंडन किंवा हॉलंड' एवढंच लिहिते आणि त्यात कमीपणा नाही. विकणारा शंभर टक्के इंग्लिश म्हणाला तर त्याला विचारा कशावरून. जो पाठ दाखवत बोलतो त्याच्याकडून घ्या.

नव्या नकलांपासूनही सावध. २०व्या शतकात हॉलंडमध्ये जुन्या धर्तीच्या ढीगभर झाल्या, आणि इंग्लंडातही पूलच्या कार्टर कंपनीने १९२० च्या दशकात डच धाटणीची निळी चित्रं काढली. ती प्रामाणिकपणे नवीन म्हणून विकली गेली होती पण आज हातोहात फिरून जुनी होतात. यंत्राने दाबलेली पाठ, अगदी काटकोनात कडा, शिक्का, किंवा खरवडून काढलेला शिक्का दिसला की ठेवून द्या.

बजेट: कडा उडालेली साधी फुलाची किंवा नदीकाठची टाइल तीस-चाळीस पौंडांपासून मिळते. सॅडलरची छापील त्याच्या काही पट, नटांची त्याहून वर. मी सुरुवातीला चांगल्या पण तुटक्या टाइल्स घ्यायला सांगेन. तुटलेल्या टाइलची मातीची कड उघडी असते आणि शिकायला तीच लागते.

लेकीची_आई

बायबलच्या टाइल्सबद्दल अजून लिहाल का? मी ख्रिस्ती शाळेत शिकले त्यामुळे त्या गोष्टी ओळखीच्या आहेत, शेकोटीत बायबल ही कल्पनाच किती छान.

निळीपांढरी

@लेकीची_आई हो, आणि मुलांना गोष्टी सांगायलाच त्या वापरल्या जायच्या. फिलिप डॉड्रिज नावाचा १८व्या शतकातला प्रसिद्ध धर्मोपदेशक आणि स्तोत्रं लिहिणारा, त्याला वाचता यायच्या आधी त्याच्या आईने शेकोटीच्या टाइल्सवरूनच जुन्या आणि नव्या करारातल्या गोष्टी शिकवल्या होत्या. काही टाइल्सच्या खाली अध्याय आणि ओवीचा आकडा पण असतो, म्हणजे पुस्तक उघडून ताडून बघा. योना आणि मासा, आदम आणि हव्वा, टोबियास आणि देवदूत, इजिप्तला पलायन हे नेहमी दिसतात. मला यातली माणसं फार आवडतात. कारागिराला डोंगर आणि झाड सरावाने जमायचं पण चेहरा काढायला जागा जेमतेम नखाएवढी, म्हणून दोन ठिपके आणि एक रेष, आणि तरी योना घाबरलेला दिसतो.

मांडवीपार

पणजीहून. आमच्याकडे कथलाच्या झिलईची टाइल म्हटलं की आझुलेज, म्हणजे पोर्तुगीज टाइल्स. मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारात पोर्तुगीज कलाकार जॉर्ज कोलासोने केलेल्या १९३५ च्या मोठ्या भिंतीच्या भिंती आहेत, पोर्तुगीज कवी कामोइशच्या महाकाव्यातले प्रसंग, निळ्यात. रीत तीच ना, चाकावरची सांगतात ती? मग इंग्लिश टाइलला एकेक चित्र आणि पोर्तुगीजला अख्खी भिंत, असं का झालं असेल?

चाकावरची

@मांडवीपार मूळ रीत तीच, कथलाचा पांढरा थर आणि त्यावर रंग. माझ्या अंदाजाने फरक जागेचा आहे. पोर्तुगालमध्ये चर्चच्या, अंगणाच्या, जिन्याच्या उघड्या भिंती झाकायच्या होत्या. इंग्लंडात भिंतीला लाकडी फळ्या आणि पडदे, टाइलला मिळाली ती शेकोटीच्या दोन्ही बाजूंची अरुंद पट्टी. तिथे गुडघ्यात वाकून जवळून बघायचं असतं म्हणून प्रत्येक टाइल स्वतंत्र चित्र.

निळीपांढरी

अगदी पटलं. इंग्लंडातही अनेक टाइल्स जोडून केलेली चित्रं आहेत, फुलदाणी, पक्षी वगैरे, पण थोडी. आणि भारतात डेल्फ्टच्या घराण्यातल्या टाइल्स जाग्यावर लावलेल्या बघायच्या तर उदयपूरच्या सिटी पॅलेसमधली चिनी चित्रशाळा बघा, तिथे चिनी आणि डच टाइल्स शेजारी शेजारी आहेत. कोचीनच्या सिनेगॉगमधल्या जमिनीच्या निळ्या टाइल्स मात्र चिनी आहेत, लोक त्यांना डच समजून फोटो टाकतात.

जतनवाली

मी सिरॅमिक्सच्या जतनाचं काम शिकलेय, मुंबईत असते. इथे अजून कुणी स्वच्छ करण्याबद्दल बोललं नाही आणि नवीन लोक पहिलं पाऊल तिथेच चुकीचं टाकतात म्हणून लिहिते.

अ‍ॅसिड अजिबात नको. बाथरूमचं लिक्विड नाही, व्हिनेगर नाही, लिंबू नाही. चुना काढायला अ‍ॅसिड छान चालतं हे खरं पण टाइलच्या अंगातही चुना आहे, झिलईच्या तड्यांतून ते आत जातं आणि आतून पोखरतं. डिशवॉशर नको, ब्लीच नको. मऊ ब्रश, साधं कोमट पाणी, आणि आधी एका कोपऱ्यात बघून घ्या कारण जुनी दुरुस्ती असेल तर पाण्याने सुटेल. पाठीला चिकटलेला जुना चुना मऊ असतो, लाकडी काडीने हळूहळू निघतो. सिमेंट असेल तर हात लावू नका, सिमेंट टाइलपेक्षा घट्ट असतं आणि निघताना माती घेऊन निघतं.

शेकोटीत आणि ओल्या भिंतीत राहिलेल्या टाइल्समध्ये क्षार मुरलेले असतात. मुंबई-कोकणच्या हवेत आणल्या की पावसाळ्यात ते विरघळतात, हिवाळ्यात सुकून स्फटिक होतात आणि झिलईला आतून ढकलतात. पांढरी बुरशी आलीय असं वाटतं, ती बुरशी नसते. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवून पाणी बदलत राहायचं, पण झिलई आधीच सुटायला लागली असेल तर घरी करू नका, जाणकाराकडे न्या.

आणि झिलईत शिसं आहे. घासून भुकटी करू नका, मुलांच्या हातात तुकडे देऊ नका, गरम भांडं ठेवायला वापरू नका.

नवखा_हौशी

खूप उपयोगी. दुरुस्त केलेली टाइल घ्यावी का पण? एका ठिकाणी एकदम नवी कोरी दिसणारी जहाजाची टाइल होती, कुठेच टवका नाही.

जतनवाली

अतिनील टॉर्च घेऊन जा, स्वस्त मिळतो. जुनी झिलई आणि वरून मारलेला रंग त्या उजेडात वेगळे चमकतात. दाताला हलकेच लावून बघणारेही आहेत, रंग मऊ लागतो, पण ते मी सुचवणार नाही. दुरुस्ती वाईट असं नाही, लपवलेली दुरुस्ती वाईट. पडलेला कोपरा फिकट रंगाने भरून चित्र तसंच सोडलं तर ते प्रामाणिक काम.

मर्सीकाठचा

मी थोडा वेगळा विचार करतो. भिंतीवर लावायची असेल तर रेष जोडलेली बरी दिसते, म्युझियमचे नियम घराला कशाला लावायचे. विकताना सांगितलं म्हणजे झालं.

निळीपांढरी

@मर्सीकाठचा विकताना तुम्ही सांगाल, तुमच्यानंतर तिसरा मालक सांगेल का? टाइलला कागद नसतात. त्यापेक्षा टवका तसाच राहू दे, तिथे माती दिसते आणि मी वर म्हटलं तसं ओळख पटवायला तीच कामाची. माझ्याकडे एक लंडनची टाइल आहे, मेंढपाळाचा एक पाय टवक्यात गेलाय, त्या टवक्यातल्या मातीवरूनच मला ती लंडनची आहे असं म्हणता आलं.

याच्याच जोडीने अजून एक, आणि हे मला मनापासून वाटतं. शेकोटीतून उखडलेल्या टाइल्स घेताना विचारा कुठल्या घरातून. इंग्लंडात संरक्षित यादीतल्या इमारतीतून अशा वस्तू परवानगीशिवाय काढणं हा गुन्हा आहे. घर पाडताना निघालेल्या, जुन्या संग्रहातल्या, लिलावातल्या भरपूर आहेत, त्या घ्या. आणि एकाच शेकोटीचा संच मिळाला तर एकेक करून विकू नका, तो संच म्हणून दहा गोष्टी सांगतो ज्या सुट्या टाइल्स सांगत नाहीत, कुठली चित्रं शेजारी लावली, किती हात होते, कुठली नंतर बदलून घातली.

नवखा_हौशी

शेवटचे दोन प्रश्न. टेम्सच्या काठावर तुकडे मिळतात म्हणे, उचलता येतात का? आणि परत येताना चार टाइल्स पुण्याला आणल्या तर?

निळीपांढरी

@नवखा_हौशी तुकडे मिळतात, साउथवर्क-लॅम्बेथच्या कुंभारखान्यांचा कचरा नदीतच जायचा त्यामुळे ओहोटीला निळ्या-पांढऱ्या खापऱ्या दिसतात. पण परवाना असल्याशिवाय काठावर काही शोधायचंही नाही आणि उचलायचंही नाही, पोर्ट ऑफ लंडनचा नियम आहे, आणि परवाना असला तरी ३०० वर्षांहून जुनं काही सापडलं की कळवावं लागतं. ते असलंच पाहिजे. भट्टीत बिघडलेल्या एका तुकड्यावरून तिथे काय बनत होतं हे ठरतं, तो कुणाच्या ड्रॉवरमध्ये गेला तर गेलाच.

पुण्याला आणताना बिल, विक्रेत्याने लिहिलेलं वय आणि फोटो बरोबर ठेवा आणि कस्टमला आधीच सांगा. दुसरं म्हणजे आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर न्यायला त्यात बंदी आहे, त्यामुळे पुन्हा बाहेर न्यायचा विचार असेल तर आयात केल्याचे सगळे कागद जपून ठेवा आणि नेण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. बांधणी करताना दोन टाइल्सची तोंडं एकमेकींना कधीच लावायची नाहीत, कडांना फोम, प्रत्येकीला वेगळा मऊ कागद, खोक्यात उभ्या ठेवायच्या, आडव्या एकावर एक नाही. आणि घरी भिंतीवर लावताना गोंद किंवा सिमेंट नको, चार बाजूंनी धरणारी चौकट करून घ्या म्हणजे काढून पाठ बघता येईल.

त्या जहाजाच्या टाइलचा पाठीचा फोटो मिळाला तर इथे टाका, कडेचाही, बाजूला फूटपट्टी ठेवून.

नवखा_हौशी

विक्रेत्याने पाठीचा फोटो पाठवलाय. एकदम सपाट, आडव्या खाचा आहेत, आणि मधे एक चौकोन घासल्यासारखा.

निळीपांढरी

सोडून द्या ती. नदीकाठच्या घराची ती टवके उडालेली होती ना त्याच दुकानात, तिची पाठ मागवा.

जतनवाली

आणि टॉर्च विसरू नका.